देवदूतांचें पतन : त्यांचें पाप कोणतें?

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा वृत्तांत, धर्मगुरूंची परंपरा आणि निरनिराळ्या मंडळांचीं कामें यांस स्थान मिळतें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या श्रद्धेच्या पायावर धर्मग्राम उभा राहतो, त्या श्रद्धेलाहि इतिहास असतो. त्या इतिहासांतील एक प्रकरण वाचकांपुढें ठेवावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. तें प्रकरण देवदूतांच्या पतनाचें. धर्मशिक्षणाच्या वर्गांत मुलें हटकून विचारतात कीं, देवानें जें जें निर्माण केलें तें तें चांगलें होतें, तर मग सैतान आला कोठून? मोठीं माणसें उत्तर देतात कीं, तो मूळचा देवदूत; त्यानें पाप केलें आणि तो पडला. येथवर सर्वांचें एकमत असतें. पण त्यानें कोणतें पाप केलें, असें विचारलें म्हणजे मोठ्यांचीहि वाणी अडखळते. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. कारण या प्रश्नाच्या उत्तरावर विचार करण्यांत ख्रिस्तसभेच्या थोर आचार्यांचीं कित्येक शतकें गेलीं आहेत.

प्रथम नांवांचा विचार करूं. बारवी नदीवर धरण झालें, आणि त्याच्या पाण्यावर अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या बाजूचे कारखाने व वसाहती पोसल्या गेल्या. पोटाच्या पाठीमागें या भागांत आलेले आपण लोक कोणी वसईचे, कोणी नगर जिल्ह्याचे, कोणी गोव्याचे, तर कोणी मंगळूरचे. प्रत्येकानें आपल्या घरचें एकेक नांव बरोबर आणलें. मराठी बोलणारा ‘सैतान’ म्हणतो. हा शब्द अरबी-फारशीच्या वाटेनें मराठींत आला. परंतु त्याचें मूळ हिब्रू भाषेंतहि सांपडतें, आणि तेथें त्याचा अर्थ विरोधक, किंबहुना न्यायसभेंत उभें राहून दोषारोप करणारा, असा आहे. पोर्तुगीजांचा ‘दियाबो’ हा ग्रीक ‘दियाबोलोस’ या शब्दापासून निघाला. त्याचा अर्थ निंदक, चहाडखोर. कोंकणी बोलणारा ‘देवचार’ म्हणतो. त्या शब्दाची हकीकत पुढें येईल. शिंगें, शेपटी व अग्नि यांचा या नांवांत मागमूस नाहीं. दुसऱ्यावर बोट रोखणें हाच या नांवांचा गाभा आहे. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

शास्त्र काय सांगतें

वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु देवदूतांच्या पतनाची सलग कथा पवित्र शास्त्रांत एके ठिकाणीं कोठेंहि दिलेली नाहीं. विखुरलेल्या वचनांतून ती जुळवावी लागते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत एवेला भुलविणारा साप आहे; पण त्या अध्यायांत त्यास सैतान म्हटलेलें नाहीं. तो जुना साप म्हणजेच सैतान, हें स्पष्टपणें सांगितलें आहे तें शास्त्राच्या अगदीं शेवटच्या पुस्तकांत, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायांत. ईयोबाच्या ग्रंथांत सैतान देवाच्या दरबारांत हजर होतो आणि एका नीतिमान मनुष्याच्या भक्तीविषयीं संशय घेतो. तेथें त्याच्या पतनाची गोष्टच नाहीं.

यशयाच्या चौदाव्या अध्यायांत आकाशांतून पडलेल्या पहाटेच्या ताऱ्याचें वर्णन आहे. पण तें बाबेलच्या गर्विष्ठ राजाला उद्देशून आहे. यहेज्केलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत देवाच्या बागेंतून घालवून दिलेल्या तेजस्वी प्राण्याविषयीं विलाप आहे. तो सोर नगराच्या राजाविषयींचा. नव्या करारांत प्रभु येशू म्हणतो कीं, सैतान विजेसारखा आकाशांतून पडतांना त्यानें पाहिला. तसेंच तो आरंभापासून मनुष्यघातक असून सत्यांत टिकला नाहीं, असेंहि प्रभूचें वचन योहानाच्या शुभवर्तमानांत आहे. संत पेत्राचें दुसरें पत्र व संत यहूदाचें पत्र पाप केलेल्या देवदूतांचा व त्यांच्या अंधारांतील बंधनांचा उल्लेख करितात. प्रकटीकरणांत मिखाएल व त्याचे दूत अजगराशीं युद्ध करितात. इतक्या सामग्रीवरून पतन झालें हें निश्चित होतें. परंतु तें कोणत्या पापामुळें झालें, याविषयीं निरनिराळ्या वचनांतून निरनिराळीं उत्तरें निघूं शकतात. आणि इतिहासांत तशीं तीं निघालीं.

वासना, मत्सर कीं गर्व?

सर्वांत जुनें मत वासनेचें. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीं ‘देवपुत्रां’नीं मनुष्यांच्या कन्या सुंदर पाहून त्यांस बायका करून घेतलें, असें एक गूढ वचन आहे. त्यावरून यहूदी लोकांत एक विस्तृत कथा तयार झाली. ती हनोखाच्या नांवावर चालणाऱ्या ग्रंथांत आढळते. दोनशें देवदूत पर्वतावर उतरले, स्त्रियांशीं त्यांनीं संबंध केला आणि मनुष्यांस शस्त्रें, दागिने व जादूटोणा शिकविला, असें तो ग्रंथ सांगतो. संत यहूदाच्या पत्रांत या ग्रंथांतील एक वचन आलें आहे. इथिओपियाच्या ख्रिस्ती लोकांनीं हा ग्रंथ आपल्या शास्त्रांत ठेवला. पश्चिमेकडे मात्र तो लुप्त झाला, आणि १७७३ सालीं जेम्स ब्रूस नांवाच्या प्रवाशानें त्याच्या प्रती यूरोपांत आणल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास मृतसमुद्राच्या कांठीं कुमरान येथील गुहांत जीं प्राचीन हस्तलिखितें सांपडलीं, त्यांतहि याचे अरामी भाषेंतील तुकडे निघाले. त्यामुळें हा ग्रंथ ख्रिस्तपूर्व काळचा आहे याविषयीं शंका उरली नाहीं.

दुसऱ्या शतकांतील संत जस्टिन, संत इरिनेयस व त्यांच्यामागून तेर्तुल्यन यांनीं हें मत स्वीकारलें होतें. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, देवदूतांच्या पतनाचा बोल स्त्रीच्या रूपावर आला. तेर्तुल्यननें तर कुमारिकांनीं डोक्यावर पदर घ्यावा, हें सांगतांना याच देवदूतांचा दाखला दिला. पाप केलें देवदूतांनीं, आणि पदर घ्यावा स्त्रीनें! हा न्याय आपल्याकडेहि अपरिचित नाहीं, म्हणून येथें त्याचा उल्लेख केला.

या मताला उतरती कळा लागली ती शास्त्राच्याच आधारें. पुनरुत्थित मनुष्यें स्वर्गांतील देवदूतांप्रमाणें लग्न करीत नाहींत, असें प्रभूनें म्हटलें आहे. ज्यांस देह नाहीं, त्यांस देहाची वासना कशी? तिसऱ्या शतकांत ज्युलियस आफ्रिकानस यानें ‘देवपुत्र’ म्हणजे देवदूत नसून शेथाचे धार्मिक वंशज होत, असा अर्थ सुचविला. आणि संत आगुस्तीननें ‘देवाचें नगर’ या ग्रंथाच्या पंधराव्या खंडांत तोच अर्थ मान्य केला. त्याच ग्रंथाच्या चौदाव्या खंडांत आगुस्तीननें एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. देह हाच सर्व पापांचें मूळ, असें जे मानतात त्यांस तो विचारतो कीं, सैतानाला तर देहच नाहीं, आणि तरीहि गर्व व मत्सर हे दुर्गुण त्याच्या ठिकाणीं पराकाष्ठेला पोंचले आहेत, तें कसें? तात्पर्य, पापाचें मूळ देहांत नसून इच्छेंत आहे. आमच्या मतें या वादांतून निघालेलें सर्वांत मोलाचें फळ तें हेंच.

दुसरें मत मत्सराचें. ज्ञानग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत सैतानाच्या मत्सरामुळें जगांत मृत्यु आला, असें म्हटलें आहे. त्यावरून संत इरिनेयस, कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन व निसाचे संत ग्रेगरी यांनीं असें प्रतिपादिलें कीं, मातीपासून घडलेल्या मनुष्यास देवानें आपली प्रतिमा दिली, हें सैतानास सहन झालें नाहीं. आदाम व एवा यांच्या नांवावरील एका प्राचीन यहूदी कथेंत तर आदामापुढें वांकण्याची आज्ञा झाली असतां सैतानानें ती नाकारली, असा प्रसंग आहे. आपल्या शेजारच्या मुसलमान बंधूंस हा प्रसंग ओळखीचा वाटेल. कारण कुराणांत इब्लीस हाच नकार देतो, आणि आपण अग्नीपासून झालों व मनुष्य मातीपासून झाला, असें कारण सांगतो.

तिसरें मत गर्वाचें, आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणींत तेंच प्रमुख ठरलें. तिसऱ्या शतकांतील ओरिजेन यानें यशयांतील बाबेलचा राजा व यहेज्केलांतील सोरचा राजा यांच्या वर्णनामागें सैतानाचें पतन पाहिलें. ‘मी परात्परासारखा होईन’ असा त्या राजाचा अभिमान. तोच देवदूताचाहि अभिमान. पुढें संत जेरोमनें लॅटिन शास्त्र तयार केलें, तेव्हां पहाटेच्या ताऱ्यासाठीं ‘लुसिफेर’, म्हणजे प्रकाश आणणारा, हा साधा लॅटिन शब्द घातला. कालांतरानें तें सैतानाचें विशेषनामच होऊन बसलें. मराठी शास्त्रांत त्या जागीं हें नांव येत नाहीं. तेथें पहाटेच्या ताऱ्यालाच हांक मारलेली आहे. गंमत अशी कीं, लॅटिन शास्त्रांत संत पेत्राच्या दुसऱ्या पत्रांत तोच शब्द भक्तांच्या अंतःकरणांत उगवणाऱ्या ताऱ्यासाठीं आला आहे. पुनरुत्थानाच्या रात्रीं मेणबत्तीच्या आशीर्वादाच्या लॅटिन स्तोत्रांत तो ख्रिस्तासाठीं योजला जातो. आणि चौथ्या शतकांत सार्दिनिया बेटावर लुसिफेर नांवाचे एक महागुरूहि होऊन गेले. अर्थात् नांवांत पाप नव्हतें.

तेराव्या शतकांत संत थॉमस आक्विनस यांनीं या विषयाचा नीटस निवाडा केला. देहहीन प्राण्यास खाणें, पिणें, धन व विषयभोग यांचा मोह होत नाहीं. म्हणून देवदूताचें पाप गर्व व त्यापासून उपजलेला मत्सर हींच असूं शकतात. आपण देव व्हावें असें त्या देवदूतास वाटलें नसावें, कारण तें अशक्य आहे हें त्याची बुद्धि जाणत होती. जें परमसुख देवाच्या कृपेनें दान म्हणून मिळावयाचें, तें आपण स्वबळावर मिळवूं, असें त्याला वाटलें. दान घेण्याचा कमीपणा त्याला नको होता. येशूसंघाचे फ्रान्सिस्को सुआरेझ (१५४८–१६१७) यांनीं पुढें असें मत मांडलें कीं, देवपुत्र मनुष्य होणार हें लुसिफेरास अगोदर कळलें, आणि तो मान आपणांस न मिळतां हलक्या मानवी स्वभावास मिळावा हें त्याच्या गर्वास रुचलें नाहीं. अशा रीतीनें गर्व व मत्सर हीं दोन मतें एकत्र आलीं.

ख्रिस्तसभेनें विश्वासाचा भाग म्हणून जें घोषित केलें तें मोजकें आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनें सांगितलें कीं, सैतान व इतर दुष्टात्मे देवानें स्वभावतः चांगले निर्माण केले. ते आपल्याच कृतीनें दुष्ट झाले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानें तेंच सांगून पुढें म्हटलें आहे कीं, त्यांनीं केलेली निवड कायमची होती.

राशोलचें ख्रिस्तपुराण

हा सर्व विचार मराठी माणसाच्या कानीं प्रथम पोंचविला तो एका इंग्रजानें. फादर थॉमस स्टीफन्स हे सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांत जन्मले, रोममध्यें येशूसंघांत दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले. तेथें त्यांनीं चाळीस वर्षें सेवा केली, तींहि बहुतेक साष्टी प्रांतांत, आणि १६१९ सालीं देह ठेवला. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांस जुन्या पुराणश्रवणाची गोडी होती. ती ओळखून त्यांनीं कोंकणी शब्द मिसळलेल्या मराठींत ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो राशोल येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पहिल्या पुराणांत जुना करार व दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र अशी त्याची रचना असून, अध्यायांस ‘अवस्वर’ म्हटलें आहे. एकूण अवस्वर पंचाण्णव, ओव्या सुमारें अकरा हजार. देवदूतांच्या पतनाची कथा पहिल्या पुराणाच्या आरंभींच, सृष्टीच्या उत्पत्तीला लागून आणि आदाम-एवा यांच्या कथेच्या अगोदर येते. सुआरेझ व स्टीफन्स हे एकाच पिढीचे व एकाच संघाचे. जो विषय यूरोपांतील विद्यापीठांत लॅटिन भाषेंत चालला होता, तो त्याच वर्षांत साष्टीच्या शेतकऱ्यांस ओव्यांतून ऐकावयास मिळत होता.

ऐकणाऱ्यांच्या मनाची भूमि मात्र कोरी नव्हती. देव व दैत्य यांचीं युद्धें त्यांस पाठ होतीं. पण पुराणांतील दैत्य हे दितीचे पुत्र व देव हे अदितीचे पुत्र; म्हणजे दोघांत कुळाचा भेद आहे. देवदूतांच्या कथेंत तसा भेद नाहीं. मिखाएल व लुसिफेर एकाच जातीचे, एकाच देवानें निर्मिलेले, एकाच प्रकाशांत उभे. भेद पडला तो निवडीनें. याहून जवळची कथा म्हणजे भागवतांतील जय-विजयांची. वैकुंठाच्या या द्वारपाळांनीं सनकादि ऋषींस दारांत अडविलें, शाप घेतला, आणि हिरण्याक्ष-हिरण्यकशिपु, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र असे तीन जन्म घेऊन ते पुन्हां वैकुंठास गेले. पतित देवदूतहि शेवटीं परत येतील, असा तर्क ओरिजेनच्या लेखनांतून निघत असे. ख्रिस्तसभेनें तो सहाव्या शतकांत त्याज्य ठरविला. देव क्षमा करण्यास तयार नाहीं, असें त्याचें कारण नव्हे. पूर्ण ज्ञानानें एकदां केलेली निवड देवदूत बदलीत नाहीं, हें कारण. मनुष्यास मृत्यूपर्यंत पश्चात्तापाची सवलत आहे, ही आपणांवर केवढी कृपा!

१६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. तरीहि ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती घरोघर टिकल्या. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आजवर हातीं लागलेली नाहीं. जें आहे तें भाविकांनीं उतरून ठेविलें म्हणून. १९०७ सालीं मंगळूर येथें जे. एल. सालढाणा यांनीं अशा प्रतींवरून ग्रंथ पुन्हां छापला, आणि १९५६ सालीं पुणें येथें शांताराम बंडेलू यांनीं तो नागरी लिपींत आणला.

शेजाऱ्याचे देव आणि आपला दोष

आतां ‘देवचार’ या शब्दाकडे येऊं. ख्रिस्तपुराणांत व कोंकणी ख्रिस्ती लोकांत या शब्दाचा अर्थ सैतान. पण गोव्याच्या खेड्यांत हिंदू मनुष्य देवचार म्हणतो तो गांवच्या राखणदारास. हातांत काठी व खांद्यावर कांबळें घेऊन रात्रीं तो शिवेवरून फिरतो व चुकलेल्यास वाट दाखवितो, अशी त्यांची भावना. एकच शब्द एका घरांत रक्षक व शेजारच्या घरांत शत्रु! याचें कारण आपल्याच आचार्यांच्या एका मतांत आहे. मूर्तिपूजकांचे देव म्हणजेच पतित देवदूत, असें संत जस्टिनपासून संत आगुस्तीनपर्यंत अनेकांनीं लिहिलें. शहाण्णवाव्या स्तोत्राच्या ग्रीक व लॅटिन भाषांतरांत राष्ट्रांचे देव ‘दुष्टात्मे’ आहेत, असें आलें आहे. मूळ हिब्रूंतील शब्दाचा अर्थ मात्र ‘निरर्थक, पोकळ’ एवढाच आहे. संत पौलानेंहि करिंथकरांस एके ठिकाणीं अर्पण दुष्टात्म्यांस होतें असें लिहिलें, आणि त्याच पत्रांत अगोदर मूर्ति म्हणजे कांहींच नव्हे असेंहि लिहिलें.

१०६० सालच्या शिलालेखाचें अंबरनाथचें प्राचीन शिवालय ज्यांच्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे, त्या आपणांस हा प्रश्न पुस्तकी नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं जाहीर केलें कीं, इतर धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्यांतील कांहींहि ख्रिस्तसभा नाकारीत नाहीं. त्याच्या आदल्या वर्षीं, डिसेंबर १९६४ मध्यें, मुंबईस पवित्र मिस्साबलीच्या जागतिक परिषदेसाठीं आलेले पोप सहावे पॉल यांनीं इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बृहदारण्यक उपनिषदांतील प्रार्थना आदरानें उच्चारली होती. आपण एकाच देवास भजतों, यांत तिळमात्र उणें न करितां शेजाऱ्याच्या हात जोडण्यांत सैतान न पाहणें, हें आज ख्रिस्तसभेचें शिक्षण आहे.

दुसरी गोष्ट घराच्या आंतली. आजार लांबला, मूल दगावलें, धंदा बुडाला कीं कोणाच्या तरी नजरेचा, कोणाच्या तरी करणीचा संशय घेणें ही खोड आपल्यांतूनहि गेलेली नाहीं. आणि तो संशय बहुधा एखाद्या एकट्या बाईवर, विधवेवर येतो. महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीं झाला. आपल्यास मात्र त्याहून जुनी आज्ञा आहे. सैतान काढण्याचा विधि महागुरूंच्या स्पष्ट परवानगीवांचून कोणासहि करितां येत नाहीं, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायांत अजगर खालीं टाकला जातो, तेव्हां त्याचें वर्णन ‘आमच्या बंधूंवर रात्रंदिवस दोषारोप करणारा’ असें येतें. म्हणून निरपराध बाईस चेटकीण म्हणणारा मनुष्य सैतानाशीं लढत नसतो. त्यानें सैतानाचेंच काम पत्करलेलें असतें.

उरली गोष्ट गर्वाची, आणि ती ज्युबिलीच्या वर्षीं विशेषच आठवावी. संत पौल तीमथ्यास लिहितांना सांगतो कीं, नवख्या मनुष्यास महागुरूचें पद देऊं नये, नाहीं तर गर्वानें फुगून तो सैतानाच्याच दंडास पात्र होईल. हा इशारा मंडळांचे अध्यक्ष, वर्गणीदार, वाद्यवृंदाचे पुढारी आणि लेखणी चालविणारे आम्ही, या सर्वांस लागू आहे. मंदिराच्या भिंतींवर देणगीदारांचीं नांवें कोरणें गैर नाहीं; पण आपल्याला जें मिळालें तें दान आहे, हें विसरलें कीं लुसिफेराची वाट सुरू होते. १९६९ सालच्या नव्या दिनदर्शिकेनें २९ सप्टेंबर या एकाच दिवशीं मिखाएल, गाब्रिएल व राफाएल या तिन्ही महादूतांचा सण ठेविला. मिखाएल या नांवाचा अर्थ ‘देवासारखा कोण?’ असा आहे. माहीमच्या व वसईजवळील माणिकपूरच्या मंदिरांस त्याचें नांव दिलेलें आहे, आणि आपल्यापैकीं कित्येकांच्या आजोबांचें नांवहि तेंच होतें. वाचकांनीं या सणाच्या दिवशीं आपल्या मुलांस तो प्रश्न अर्थासह सांगावा, आणि सैतान कोठून आला असें त्यांनीं पुन्हां विचारलें, तर भिववून गप्प न करितां ही सर्व हकीकत त्यांस समजावून द्यावी, एवढी आमची विनंति आहे.